अमळनेरात करवून घेतलेला फोर बाय फाइव्ह : विसारापासूनच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

एकट्या कारागिराकडून लार्ज फॉरमॅट कॅमेरा (मोठ्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा) बनवून घ्यायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी ही वही. फिल्म चांगली की डिजिटल, हा वाद इथे नाही. काय सांगितलं, काय बनून आलं, कुठे अडलं आणि पैसे कुठे गेले, तेवढंच लिहिणार आहे.

आज विसार दिला. कारागीर अमळनेरचे, सत्तरी ओलांडलेले. गिरणीच्या सुतारखात्यात उमेदवारी झाली, पुढे फर्निचर आणि भजनी मंडळांच्या पेट्यांची दुरुस्ती. स्टुडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यांचे फाटके भाते (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा कापडी नळा) त्यांच्याकडे यायला लागले, कारण पेटीचा भाता जो करतो तो कॅमेऱ्याचाही करेल असा लोकांचा हिशेब. तिथून ते आख्खा कॅमेरा करायला लागले. वर्षाकाठी दोन-तीन. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पडवीत पाटावर सगळी अवजारं मांडलेली होती. रंधे, पटाश्या, करवती, दांडा चकचकीत झालेलं एक जुनं गिरमिट. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आज हत्याराला हात लावायचा नाही, पण विसार घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

ठरलं ते असं. घडी होणारा लाकडी फील्ड कॅमेरा, ४ × ५ इंच शीट फिल्मचा. पुढच्या, म्हणजे लेन्सच्या चौकटीला राइज (वर उचलणं) आणि टिल्ट (पुढे-मागे झुकणं), मागच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीला फक्त स्विंग (डावी-उजवीकडे वळणं). याहून जास्त हालचाली मागू नका. प्रत्येक हालचालीमागे एक ढिला होणारा सांधा वाढतो. भाता ताणल्यावर ३०० मिमी मिळायला हवा, कारण मला टेबलावरच्या वस्तू जवळून घ्यायच्या आहेत आणि लेन्स १५० मिमीची आहे. किंमत ३२,००० रुपये : विसार १२,०००, भाता बसल्यावर १०,०००, उरलेले कॅमेरा हातात पडल्यावर. बिल नाही. त्यांच्या वहीत माझ्या नावाचं एक पान आणि खाली दोघांच्या सह्या.

मुदत विचारली तर म्हणाले, "भाऊ, घाई काय शे? लाकूडले टाइम लागस." शेवटी 'होळीपर्यंत' असं लिहिलं. कोणत्या सालची होळी, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

लाकूड मिळालं. बोरीकाठच्या एका गावातलं धाब्याचं घर पाडलं, त्याची सागवानी तुळई. आप्पा नवं सागवान घेतच नाहीत. वखारीतलं लाकूड कितीही वाळलेलं म्हणून दिलं तरी आपल्याकडच्या पहिल्या उन्हाळ्यात चौकटीचा कोपरा उघडतो, असं त्यांचं म्हणणं. तुळईनं शंभरेक उन्हाळे आधीच खाल्लेले असतात.

जुन्या लाकडाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. तुळईत आत मोडलेला खिळा होता, वरून दिसत नव्हता. प्लेनर मशीनच्या पात्याला दात पडला आणि मशीनवाल्याने ६०० रुपये मागितले. ते मी दिले. तुमच्या कारागिराकडे जुनं लाकूड असेल तर मशीनवर चढवण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवायला सांगा. आप्पा आता फिरवतात.

इंटरनेटवरून काढलेल्या नकाशाचे प्रिंट घेऊन गेलो होतो, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आप्पांनी चष्मा लावून पानं उलटली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "होल्डर कुठे शे?" होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायचे चपटे डबे, अजून वाटेत होते. "बरं," म्हणाले, आणि प्रिंटवरून मागची चौकट सुरू करतो म्हणाले. मीही हो म्हटलं.

२२ डिसेंबर

दोन वापरलेले फिडेलिटी होल्डर आले, टपालासकट ५,६०० रुपये. घेऊन गेलो. मागची चौकट तयार होती, सुंदर होती, आणि होल्डर तिच्यात बसत नव्हता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आप्पांच्या माळ्यावर एक जुना वागेश्वरी आहे, केरळातल्या आलप्पुळ्याला १९४० च्या दशकापासून जे कॅमेरे बनायचे त्यातला. दुरुस्तीला आला आणि मालक न्यायला फिरकलाच नाही. आप्पांच्या हाताला सवय आहे ती तशा जुन्या स्टुडिओ कॅमेऱ्यांची. त्यात फोकस बघायच्या घाशीव काचेची चौकट बाजूला करायची आणि लाकडी होल्डर खाचेतून सरकवून तिच्या जागी आणायचा. ४ × ५ चा आजचा होल्डर वेगळ्या रीतीने बसतो. काचेची चौकट स्प्रिंगवर असते. होल्डर तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये घुसतो, काच मागे ढकलली जाते आणि स्प्रिंग होल्डरला घट्ट दाबून धरते. होल्डरच्या तोंडाशी एक बारीक आडवी कड असते, ती चौकटीतल्या खाचेत टक्कन बसली पाहिजे. ती खाच हाच प्रकाश अडवणारा बांध. माझ्या प्रिंटवर ती खाच एका रेघेने दाखवली होती. आप्पांना ती नक्षीची रेघ वाटली. ज्याने असा होल्डर हातात धरलेला नाही त्याला तसंच वाटणार.

आज त्यांनी होल्डर दोन मिनिटं उलटसुलट फिरवला, कडेवर अंगठा फिरवला, फिल्म झाकणारी काळी सरकपट्टी काढून परत घातली आणि म्हणाले, "हा आधी दिला असता ते काम व्हई गयं व्हतं." जुनी चौकट त्यांनी फळीवर ठेवून दिली. महिन्याभराचं काम गेलं. लाकडाचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मी ८०० रुपये ठेवून आलो.

एक होल्डर तिथेच ठेवला. तो कॅमेरा पूर्ण होईपर्यंत तिथेच राहील.

२६ जानेवारी २०२५

नवी मागची चौकट. होल्डर घातला, कड खाचेत बसल्याचा आवाज आला. फिंगर जॉइंट इतके घट्ट की सरस लावण्याआधी चौकट उचलून हलवली तरी कोपरे जागचे हलेनात.

आता मापांबद्दल. या कॅमेऱ्यात एकच माप असं आहे की जिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर सगळं वाया : होल्डर जिथे टेकतो त्या पृष्ठभागापासून काचेच्या घाशीव बाजूपर्यंतची खोली. ती होल्डरमधल्या फिल्मच्या खोलीइतकीच हवी. ४ × ५ साठी हे माप ०.१९० इंच धरतात, म्हणजे ४.८३ मिमी. मी हे सांगितल्यावर आप्पांनी डोळे मिटून हिशेब केला : "म्हणजे दीड सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दीड सूत झालं ४.७६ मिमी. चालणाऱ्या फरकात आरामात बसतं. यापुढे मी मिलिमीटर बोलायचं सोडलं.

ट्रायपॉडच्या नटाचंही तसंच. हार्डवेअरच्या दुकानात 'थ्री एट्‌थ' मागून फिरायची गरज नाही, तीन सूत मागा. ट्रायपॉडच्या जाड स्क्रूला तो बसतो, कारण दोन्हीकडे आटे इंचाला १६ च असतात. बारीक स्क्रू असेल तर दोन सूत. आप्पांनी पितळी बुश बसवून आतून पत्रा मारून घेतला.

२३ फेब्रुवारी

लेन्स आली. श्नायडर सिमार-एस १५० मिमी, एफ ५.६, कोपाल कंपनीच्या झिरो मापाच्या शटरमध्ये. वापरलेली, कस्टम धरून २४,५०० रुपये. शटरचा एक सेकंद जरा लांबतो, बाकी वेग ठीक आहेत. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दोन टिकटिकींमधलं अंतर मोजलं तरी एवढं कळतं.

लेन्सबोर्डासाठी, म्हणजे लेन्स बसवायच्या फळीसाठी, बहुतेक जण लेथवाल्याकडे जातात. गरज नाही. कोपाल झिरोला ३४.६ मिमीचं भोक लागतं, आणि कपाटाच्या दाराच्या कप-बिजागरीचा ३५ मिमीचा बिट कुठल्याही सुताराकडे असतो. आप्पांच्या भाषेत एक इंच तीन सूत. तीन मिमीच्या प्लायला तो मारला, शटर बसलं, मागची रिंग आवळली. शटरच्या पाठीवर एक बारीक खुंटी असते ती मात्र बोर्डावर टेकते आणि शटर तिरकं बसतं. तिच्यासाठी कानशीने छोटी खाच करून घ्या, किंवा खुंटीच काढून टाका.

बोर्डाची बैठक मी ९६ × ९९ मिमीची ठेवायला लावली होती, लिनहोफ टेक्निका कॅमेऱ्याच्या बोर्डाची. उद्या बाजारातून तयार बोर्ड घेतला तरी बसेल. कारागिराचं स्वतःचं माप घेतलंत तर प्रत्येक लेन्सला त्याच्या दारी जावं लागतं.

३० मार्च, गुढीपाडवा

होळी झाली. कॅमेरा झालेला नाही, पण भाता बसला म्हणून १०,००० दिले.

भाता पेटीच्या भात्याच्या रीतीचा. आतून काळं सुती कापड, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या, बाहेरून काळं रेक्झिन. घड्या बघून मन भरतं. पण दाबून मिटवला तर तो पाऊण मूठ जाड राहतो. पेटीच्या भात्याला एवढं मिटावं लागत नाही. कॅमेऱ्याच्या भात्याला लागतं, नाहीतर कॅमेऱ्याची घडी मिटत नाही. १५० मिमीच्या लेन्सला चालून जाईल. पुढेमागे ९० मिमीची घ्यायची झाली तर चौकटी एवढ्या जवळ येणारच नाहीत. आप्पांना बोललो. ते म्हणाले, बघू.

२० एप्रिल

बघायची वेळ उन्हाने आणली. आप्पांची शेड पत्र्याची आहे. दुपारी आत उभं राहवत नाही. भाता आढ्याला टांगलेला होता, आणि रबरी सोल्युशनने चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोन कापडांच्या मध्ये घसरून एका बाजूला गोळा झाल्या. बाहेरून भाता पोटात गेल्यासारखा दिसतो. पेट्यांना हे कधी झालं नाही, कारण पेटीचा भाता घरात सावलीत असतो आणि त्याच्या पट्ट्या जाड असतात. कॅमेरा उन्हात जाणार.

नवा भाता करायचं ठरलं. या वेळी पट्ट्या पातळ कार्डशीटच्या, कापडाला पांढऱ्या गोंदाने चिकटवून वजनाखाली दोन दिवस सुकवायच्या. बाहेर रेक्झिनऐवजी छत्रीचं काळं कापड. सामान १,४०० रुपये, माझ्याकडून. मजुरी ते घेत नाहीत म्हणाले.

छत्रीचं कापड ही कल्पना त्यांची. मला वाटलं प्रकाश झिरपेल. त्यांनी कापड उन्हात डोळ्यासमोर धरलं, मग दुहेरी करून धरलं, आणि आतल्या सुती कापडासकट धरलं तेव्हा सूर्यही दिसेना.

११ मे

काम बंद. वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा सुरू आहे, आणि गेले काही आठवडे आप्पांच्या पडवीत पेट्यांची रांग लागलेली आहे. कुणाचा सूर अडकतो, कुणाचा भाता श्वास सोडतो. माझा कॅमेरा चादरीखाली. तक्रार करण्यात अर्थ नाही. तुमचा कारागीर कोणत्या महिन्यात कशात गुंतलेला असतो ते विसार देण्याआधी विचारून घ्या, एवढंच.

२५ मे

वाट बघताना घाशीव काच मी घरी केली. जळगावात काचेच्या दुकानातून २ मिमी काचेचे तुकडे कापून घेतले, १२० रुपयांत चार. कार्बोरंडमची पावडर आणली, आधी ४०० नंबर, मग ६००. एक काच ओल्या फडक्यावर, तिच्यावर चिमूटभर पावडर आणि पाणी, वर दुसरी लहान काच ठेवून गोल गोल घासायचं. आवाज आधी खरखरीत येतो, मग मऊ होतो. मऊ झाला की पावडर बदलायची. दर थोड्या वेळाने काच धुऊन, पुसून, तिरकी धरून बघायची. चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे अजून घासलं गेलेलं नाही. माझी पहिली काच कोपऱ्यात चकाकत राहिली, कारण खालचं फडकं दुमडलेलं होतं. दुसरी चांगली झाली.

कोपरे थोडे छाटून घेतले. छाटलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघता येतं आणि राइज जास्त दिल्यावर चित्राचा कोपरा काळा पडतोय का ते कळतं.

एक धोक्याची जागा : घाशीव बाजू लेन्सकडे हवी. उलटी बसवली तर काचेच्या जाडीएवढा, म्हणजे इथे दोन मिमीचा फरक पडतो, आणि दिसायला कॅमेरा अगदी बरोबर दिसतो.

१५ जून

कॅमेरा घरी आला. उरलेले १०,००० दिले. लाखेचं पॉलिश, पितळी पट्ट्या, नवा भाता मुठीत मावेल असा मिटतो. सुरत पॅसेंजरमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, पेटी का? हो म्हटलं.

घरी रात्री दिवे घालवून भात्यात टॉर्च घातला आणि भाता ताणून सगळ्या बाजूंनी फिरवला. घड्यांच्या कोपऱ्यांवर तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढे तारे. टॉर्च हलवत राहायचा, कारण छिद्र तिरकं असलं तर एकाच कोनातून दिसतं. कापडावरचा काळा रंग आतून लावला, सुकल्यावर पुन्हा लावला, बंद झाले. पैसे देण्याआधीच ही तपासणी कारागिराच्या घरी केली पाहिजे, पण आप्पांकडे दिवसा अंधारी खोली नाही.

२९ जून

महाग फिल्मवर चाचण्या करायच्या नाहीत. एक्स-रे फिल्म घेतली, हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असणारी, ८ × १० इंची. बरेच दवाखाने डिजिटल झाले, त्यामुळे वितरक विचारतो, कोणत्या डॉक्टरांकडून आलात? तिचे फायदे दोन : स्वस्त, आणि गडद लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळे डेव्हलप करताना डोळ्यांनी बघता येतं.

कापताना मात्र फसायला होतं. ८ × १० चे सरळ चार भाग केले की ते होल्डरमध्ये जात नाहीत. फोर बाय फाइव्ह फिल्म प्रत्यक्षात त्या मापाहून थोडी लहान असते. एक बाजू १०० मिमी आणि दुसरी १२५ मिमी ठेवा, काठाची पट्टी फेकून द्या.

या फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (प्रकाश टिपणारा लेप) असतं, ओलं असताना नखानेही निघतं. ट्रेच्या तळाला काच ठेवली की ओरखडे कमी होतात. आणि आपल्याकडे नळाचं पाणी २० अंशांवर कधीच नसतं. जूनमध्ये टाकीचं पाणी हाताला कोमट लागतं, त्यात इमल्शन मऊ पडून सालपटासारखं सुटलं. आता डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवतो. फिल्मचा वेग (आयएसओ) मी ८० धरतो आणि बरं येतं.

लाल रंग या फिल्मला दिसतच नाही. नंदुरबारच्या वाळलेल्या मिरच्या कोळशासारख्या काळ्या येतात, केळी सुद्धा असायला हवीत त्याहून सावळी. ज्यांना माणसांचे चेहरे काढायचे आहेत त्यांनी नातेवाइकांना आधीच कल्पना द्यावी.

अंगणात एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, काढलेले सगळे फोटो चांगले आले. इथे थांबलो असतो तर कॅमेरा उत्तम आहे असं लिहून मोकळा झालो असतो.

१३ जुलै

एफ २२ ला फोकसची चूक लपते. म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एफ ५.६ ला, टेबलावर पुस्तकं एकामागे एक तिरकी लावली, दोन मीटरवरून मधल्या पुस्तकाच्या कण्यावर भिंगाने फोकस केला. निगेटिव्हवर त्याच्या मागचं पुस्तक धारदार, मधलं मऊ. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मागचं पुस्तक धारदार म्हणजे फिल्म काचेपेक्षा लेन्सच्या जवळ आहे. व्हर्नियरच्या मागच्या काडीने खोली मोजली. होल्डरमध्ये वाया गेलेली फिल्म घालून मोजलं : ४.८ च्या आसपास. काचेच्या चौकटीत : ५.४. दीड सुताचं काय झालं?

अमळनेरला गेलो. आप्पांनी काच काढली, आणि आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं. काच खडखडू नये म्हणून त्यांनी बैठकीवर काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली होती. दीड सूत त्यांनी बरोबर काढलं होतं, आणि मग त्यावर मखमल. पट्टी खरवडून काढली, ४.७५ आलं. ऑफिसच्या साध्या कागदाची एक पट्टी साधारण ०.१ मिमी असते, ती एक टाकली. ४.८५. खडखड थांबवायला मखमल आता काचेच्या मागच्या बाजूला, क्लिपांखाली आहे.

आप्पा गप्प होते. मग त्यांनी वहीतल्या माझ्या पानावर काहीतरी लिहिलं. मी वाचलं : 'मखमल नही.'

१० ऑगस्ट

पावसाळा. दोन नव्या गोष्टी.

फोकसची सरकपाटी, म्हणजे फोकस करताना पुढे-मागे सरकणारी पाटी, अडकते. सगळे सांधे मे महिन्यात, लाकूड पार सुकलेलं असताना जुळवले होते. आता हवेतली ओल खाऊन पाटी फुगली. मी म्हटलं थोडा रंधा मारा. आप्पांनी साफ नकार दिला : "आते रंधा मारा, ते दिवाळीले खडखड व्हई." मेणबत्ती घासून दिली आणि म्हणाले थांबा. मेणाने काम निभतंय.

दुसरी जास्त त्रासाची. काही निगेटिव्हवर एका आखूड कडेने धुरकट पट्टा, काहींवर नाही. भाता पुन्हा तपासला, स्वच्छ. मग लेन्स झाकून, होल्डर लावून, सरकपट्टी काढून कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवला : काही नाही. गोंधळ इथेच झाला. कॅमेरा नुसता ठेवला तर गळत नव्हता. गळती व्हायची ती सरकपट्टी ओढताना. मागच्या स्प्रिंगच्या पितळी पट्ट्या वाकून तशाच राहिल्या होत्या, दाब कमी झाला होता. पट्टी ओढली की होल्डर तिच्याबरोबर केसभर उचलला जायचा, कड खाचेतून सुटायची आणि प्रकाश आत. सरकपट्टी घट्ट असेल त्या होल्डरवरच हे होत होतं.

आप्पांनी पितळी पट्ट्या काढून भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या चावीची पोलादी स्प्रिंग कापून लावली. आता होल्डर घालताना अंगठ्याला जोर लावावा लागतो. तरीही पट्टी ओढताना दुसऱ्या हाताने होल्डर दाबून धरायची सवय ठेवलेली बरी.

१४ सप्टेंबर

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पुन्हा बघून आलो. स्टेशनजवळच्या ज्या घरात ते दशकानुदशकं जवळजवळ स्वतःला कोंडून राहिले, तिथेच त्यांची चित्रं आणि टेबलटॉप फोटो आहेत. टेबलावर मांडलेल्या किरकोळ वस्तूंतून आख्खं दृश्य उभं करायचं, हे त्यांचं काम बघूनच मला भाता ३०० मिमीचा हवा होता.

घरी येऊन तेच करून पाहिलं. वस्तू होती तेवढीच काचेवर आणायची तर भाता ३०० मिमीपर्यंत ताणावा लागतो, म्हणजे लेन्सच्या दुप्पट, आणि प्रकाश चौपट लागतो. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप, म्हणजे दोनदा दुप्पट. प्रकाश मोजणारा मीटर हे सांगत नाही. काचेपासून लेन्सपर्यंत स्केल धरून भात्याची लांबी मोजा, १५० ने भागा, वर्ग करा.

पूर्ण ताणल्यावर भाता मध्ये झोळ खातो आणि चित्राची खालची कड कापतो. मधल्या घडीला दोन्ही बाजूंनी कापडी फास शिवून घेतले आणि वरून दोरीने उचलून धरतो. लेन्स खाली टेबलाकडे झुकवली की पुढची चौकट आपोआप घसरायची. आप्पांनी नायलॉनच्या टोकाचा आवळायचा स्क्रू दिला, आता घसरत नाही.

५ ऑक्टोबर

पारोळ्याच्या किल्ल्याचा बुरूज. कॅमेरा पाणसळीने समतल, पुढची चौकट राइज करून वर, बुरजाच्या कडा सरळ उभ्या आल्या. यासाठीच एवढा खटाटोप. निगेटिव्हच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लेन्स संपल्याची सावली आहे. छाटलेल्या कोपऱ्यातून बघायला विसरलो नव्हतो, पण दुपारच्या उन्हात काळ्या कापडाखाली घाम डोळ्यात जात होता आणि काही दिसत नव्हतं. एक सेंटीमीटर कमी राइज पुरला असता.

सरकपाटी मेणाशिवाय सरकते आहे. आप्पांचं बरोबर होतं.

२६ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब विचारला जातो म्हणून : कॅमेरा ३२,०००, दुसऱ्या भात्याचं सामान १,४००, लेन्स २४,५००, होल्डर ५,६००, फिल्म आणि केमिकल आतापर्यंत ४,५००. ६८,००० झाले. पात्याचे ६००, वाया गेलेल्या चौकटीचे ८००, काच-पावडर आणि रेल्वेभाडं यात नाही. ट्रायपॉड घरचा.

उरलेलं काम : ९० मिमीच्या लेन्ससाठी दुसरा बोर्ड, आणि शटरचा एक सेकंद दुरुस्त करणारा माणूस शोधणं.

धुळ्याच्या एकांनी आप्पांना पाच बाय सातच्या कॅमेऱ्याचा विसार पाठवला आहे आणि सोबत पीडीएफ. आप्पांनी ती मला पाठवून विचारलं, यात खाच कुठली आणि नक्षी कुठली? मी ओळखू शकलो नाही. पाच बाय सातचा होल्डर मीही कधी हातात धरलेला नाही. त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की आधी एक होल्डर अमळनेरला पोचवा, मोडका असला तरी चालेल. ते म्हणाले नकाशात सगळी मापं आहेत. आप्पांनी तुळई कापायला घेतलेली नाही.